क्विन्कन्क्स, औटकी आणि मधलं झाड

बँकेत असताना फळबागेच्या कर्जाची फाइल टेबलावर आली की मी आधी लागवडीचा तक्ता बघायचे. झाडं किती, अंतर किती, पद्धत कोणती. पद्धतीच्या रकान्यात बहुतेक वेळा 'चौरस' असायचं, उतारावरची बाग असली तर 'समपातळी'. अधूनमधून एखादा उत्साही पदवीधर तिथे तो शब्द लिहून पाठवायचा. 'क्विंकस', 'क्विनकस', 'क्विंक्स'. एका फाइलीत तर चक्क 'क्विंटल पद्धत' होतं आणि वरच्या साहेबांनी त्याखाली लाल शाईनं विचारलं होतं, 'किती क्विंटल?'

शब्द आहे क्विन्कन्क्स. चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर चार झाडं आणि बरोबर मधे पाचवं. ल्युडोच्या फाशावरचा पाच डोळ्यांपुढे आणा, झालं. कुणी कुणी त्याला पंचकोनी पद्धत म्हणतं, ते मला कधी पटलं नाही. कोन चारच आहेत, मधल्या झाडाला कसला आलाय कोन!

कॉलेजात आमचे सर सांगायचे, लॅटिनमधे 'क्विन्क्वे' म्हणजे पाच, म्हणून पाच झाडांची ती क्विन्कन्क्स. परीक्षेपुरतं तेवढं बास होतं. पण शब्दाचं शेपूट शिल्लक राहतंच की. 'क्विन्क' पाचातून आलं, मग पुढचं 'उन्क्स' कुठलं?

निवृत्त झाल्यावर मी लॅटिनचं एक जुनं शालेय व्याकरण घेऊन बसले. का, ते विचारू नका. माझ्या वयाच्या बायका क्रोशे करतात, मी विभक्त्या पाठ करते. त्या पुस्तकाच्या मागे वजनमापांचं परिशिष्ट आहे, त्यात हा शब्द होता. झाडांचं तिथे नावही नव्हतं. तिथे तो पैशांत मोडत होता.

रोमन लोकांचं मूळ नाणं 'आस'. सुरुवातीचा आस कांस्याचा, ओतीव, वजनाला जवळजवळ एक रोमन पौंड, म्हणजे आपले सव्वातीनशे ग्रॅम. खिशात ठेवायची सोय नाही. या आसाचे बारा भाग, आणि एका भागाचं नाव 'उन्किया'. पाच उन्किया म्हणजे क्विन्क्वे अधिक उन्किया, क्विन्कुन्क्स. इंग्रजांनी त्याचं क्विन्कन्क्स केलं. तर शब्दाचा मूळ अर्थ पाच नाही, पाच बारांश. आमच्या सरांनी वरचा आकडा सांगितला आणि खालचा गाळला.

उन्किया तुमच्याही घरात आहे. फुटाचा बारावा हिस्सा तो इंच, आणि पौंडाचा बारावा हिस्सा तो औंस. दोन्ही शब्द उन्कियाचीच लेकरं, एक इंग्रजीत फार पूर्वी थेट आलेलं, दुसरं फ्रेंचांकडून फिरून आलेलं. सोन्याचा जागतिक भाव ज्या औंसात सांगतात, तो ट्रॉय औंस 31.1 ग्रॅमचा, आणि त्याचा पौंड अजून बारा औंसांचाच आहे. वाण्याच्या औंसाचा पौंड मात्र सोळाचा झाला. सोळा आण्यांच्या देशात वाढलेल्या माणसाला यात काही वावगं वाटायचं कारण नाही.

आणि डझन! तोही लॅटिन बाराचाच, 'दुओदेकिम'चा, फ्रेंचांमार्फत आलेला. आम्ही हापूस डझनावर विकतो. डझनातले पाच आंबे तुम्ही खाल्लेत तर तुम्ही खरोखरीचा, शास्त्रशुद्ध, रोमन क्विन्कन्क्स खाल्लात. चौकोनात मांडून खाल्लेत की ओळीत, त्यानं फरक पडत नाही.

त्या परिशिष्टात एकपासून अकरापर्यंत प्रत्येक बारांशाला स्वतंत्र नाव आहे. दोन तो सेक्स्तान्स, तीन क्वाद्रान्स, चार त्रिएन्स, पाच क्विन्कुन्क्स, सहा सेमिस, सात सेप्तुन्क्स, आठ बेस, नऊ दोद्रान्स, दहा देक्स्तान्स, अकरा देउन्क्स. मी ही यादी वाचत होते आणि कानात आजीचा आवाज येत होता. आजीला पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी अशी सगळी कोष्टकं तोंडपाठ. तीन औटं साडेदहा, चार औटं चौदा. औट म्हणजे साडेतीन, हे आता सांगावं लागतं. आजी चौथीही शिकलेली नव्हती, पण नारळाच्या व्यापाऱ्याला तिच्यापुढे गणकयंत्र काढायची छाती नव्हती.

आजीची आठवण आली ती नुसती सुरामुळे नाही. नऊ बारांशांचं नाव बघा, दोद्रान्स. नऊ म्हणजे पाऊण. दोद्रान्स हा शब्द 'दे' आणि 'क्वाद्रान्स' मिळून झालेला, म्हणजे 'पाव काढलेला'. आणि आपला पाऊण? पाद-ऊन, पादोन. पाव उणा! अक्षरशः तीच बांधणी. अकराचा देउन्क्स म्हणजे 'उन्किया उणा'. लॅटिनमधे एकोणिसाला 'उन्देविगिन्ती' म्हणतात, विसाला एक कमी. एकोणवीसही तेच सांगतो.

यावर कडी म्हणजे सेस्तेर्तिउस. रोमच्या गोष्टींत सतत ज्यांची खैरात होते ती सेस्टर्स नाणी, ती मुळात अडीच आसांची. नाव आलं 'सेमिस' आणि 'तेर्तिउस' यांवरून, अर्धा तिसरा. म्हणजे दोन पुरे आणि तिसरा अर्धा. आता आपला अडीच सोडवा. संस्कृतात 'अर्धतृतीय', प्राकृतातून घासत घासत अडीच. अर्धा तिसरा. औटही तसाच, 'अर्धचतुर्थ', चौथा अर्धा. पहाटे तीन वाजता हे माझ्या लक्षात आलं तेव्हा घरात सांगायला कोणी जागं नव्हतं, ही माझी मोठी खंत आहे. कोणी कोणाचं उचललं असं मी म्हणत नाही. बाजारात उभ्या असलेल्या माणसाला पूर्णाच्या अलीकडून मोजणं सोयीचं जातं, तिथेही आणि इथेही.

क्विन्कुन्क्स हा शब्द रोमन पोरं शाळेत कशी घोकायची, ते होरेस नावाच्या कवीनं इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकात लिहून ठेवलंय. काव्य कसं लिहावं यावरची त्याची कविता आहे, तिच्यात मधेच गणिताचा तास लागतो. मास्तर आल्बिनुसच्या मुलाला उभं करतात. क्विन्कुन्क्समधून एक उन्किया काढली, काय उरलं? मुलगा म्हणतो, त्रिएन्स. (पाचातून एक गेला, चार बारांश, म्हणजे एक तृतीयांश.) मास्तर खूश, शाब्बास, तू बापाची इस्टेट सांभाळशील. बरं, काढायच्या ऐवजी एक घातली तर? सेमिस, निम्मं.

होरेसचा रोख असा की ग्रीकांना कवितेची देणगी, आणि आमची रोमन कारटी आसाचे तुकडे करायला शिकतात; मनावर पैशाचा असा गंज चढल्यावर यांच्या हातून टिकण्याजोगं काव्य कसं होणार? मला हे पटत नाही. औटकी पाठ असलेल्या माझ्या आजीला ओव्याही पाठ होत्या, आणि एकीमुळे दुसरी बिघडलेली मी पाहिली नाही. पण मुलाच्या तोंडचं ते 'त्रिएन्स' मला फार आवडतं. कारण त्यानं चार बारांश म्हटलं नाही, मनातल्या मनात संक्षेप देऊन तिसरा हिस्सा म्हटलं. हुशार पोर.

इस्टेट सांभाळण्याची गोष्ट मास्तरांनी उगाच काढली नव्हती. रोमन मृत्युपत्रात सगळी मालमत्ता म्हणजे एक आस, आणि वारसांचे हिस्से उन्कियांत. सगळ्याचा एकटा वारस असेल तर तो 'एक्स आस्से' वारस. आपण सोळा आणे मालक म्हणतो तसं. ज्युलियस सीझरच्या मृत्युपत्रात ऑक्टेवियसला, म्हणजे सीझरच्या बहिणीच्या नातवाला, दोद्रान्स मिळाला, पाऊण हिस्सा. उरलेला पाव दोघांत, पिनारियुस आणि पेदियुस यांच्यात. पुढे हाच ऑक्टेवियस रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस झाला. आमच्या भागात सामाईक जमिनीचे हिस्से आणे-पैत सांगणारी माणसं अजून आहेत. 'आमचा पाच आणे चार पै' असं कुणी म्हणालं की बँकेतला नवा मुलगा गोंधळून माझ्याकडे बघायचा. पाच आणे चार पै म्हणजे सोळाचा तिसरा हिस्सा रे, त्रिएन्स, असं तेव्हा मला सांगता आलं असतं तर!

जाता जाता, सेप्तुन्क्स म्हणजे सात बारांश हे वाचून मी हसले. आपला सातबारा अर्थातच अपूर्णांक नाही. गाव नमुना 7 म्हणजे अधिकार अभिलेख आणि गाव नमुना 12 म्हणजे पिकांची नोंदवही, दोन्ही एका कागदावर आले म्हणून सातबारा. पण रोमन तलाठ्याला तो उतारा दाखवला असता तर त्यानं विचारलं असतं, उरलेले पाच कोणाचे?

बँकेतल्या माणसाला भावेल असा या शब्दाचा आणखी एक वापर आहे. रोमन लोक व्याज महिन्याला शेकड्यानं मोजत. महिना एक टक्का तो पुरा आस, वर्षाचे बारा टक्के. त्या हिशोबानं महिना पाच बारांश टक्का, म्हणजे वर्षाला पाच टक्के, तो क्विन्कुन्क्स व्याजदर. गावातला सावकार आजही असाच बोलतो. 'शेकडा दोन' म्हणाला की ते महिन्याचे, वर्षाचे चोवीस. बँकेच्या वर्षाच्या दराशी तुलना करून 'बँकेपेक्षा स्वस्त' म्हणणारे लोक मी डोळ्यांनी पाहिलेत. पर्सिउस नावाच्या कवीनं पहिल्या शतकात एका माणसाची खिल्ली उडवलीय. घरी साध्या क्विन्कुन्क्सवर पोसलेला पैसा आता समुद्रापार नेऊन त्याला देउन्क्सचा घाम काढायला लावतोस का, असं त्याला विचारलंय. पाचावरून अकरा टक्के! आपलं तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज सात टक्क्यांचं, म्हणजे सेप्तुन्क्स. वेळेत फेडलं तर केंद्राची तीन टक्के सवलत जाऊन चार, त्रिएन्स. आल्बिनुसचं पोरगं आमच्या शाखेत लगेच चिकटलं असतं.

तर हा होता पैशांचा, वजनाचा, वाटणीचा शब्द. झाडांकडे तो गेला कसा?

रोमन कांस्य नाण्यांवर किंमत ठिपक्यांनी दाखवत. उन्कियावर एक ठिपका, सेक्स्तान्सवर दोन, क्वाद्रान्सवर तीन, त्रिएन्सवर चार. ज्याला वाचता येत नाही त्यालाही ठिपके मोजता येतात. क्विन्कुन्क्स हे रोमचं नेहमीचं नाणं नव्हतं. कार्थेजचा सेनापती हानिबल इटलीत तळ ठोकून होता त्या दुसऱ्या प्युनिक युद्धाच्या काळात, इसवी सनापूर्वी 200च्या आगेमागे, इटलीच्या टाचेच्या बाजूला अपुलियात आणि त्याच्या आसपास, लुकेरिया, तेआनुम, लारिनुम अशा ठिकाणी ते पाडलं गेलं. त्यावर पाच ठिपके. सगळ्याच नाण्यांवर ते फाशासारखे मांडलेले नसत, काहींवर एका ओळीत असत. पण पाच ठिपके आटोपशीर बसवायचे तर चार कोपरे आणि मध्य ही मांडणी हाताला आपोआप येते, आणि नाण्याचं नाव त्या मांडणीला चिकटलं असं कोशकार सांगतात. नाणं बंद पडलं, आकृती राहिली. बारा गेले, पाच राहिले.

रोमन वक्ता आणि लेखक सिसरोच्या काळापर्यंत शब्द बागेत रुळला होता. म्हातारपणावरच्या त्याच्या लेखनात एक प्रसंग आहे. स्पार्टाचा सेनापती लायसँडर पर्शियाच्या राजपुत्राला, धाकट्या सायरसला, सार्डिस इथे भेटायला जातो. सायरस त्याला आपली बाग दाखवतो. उंच झाडं, साफ जमीन, फुलांचा वास, आणि क्विन्कुन्क्समधे लावलेल्या ओळी. लायसँडर म्हणतो, ज्यानं हे आखलं त्याचं कौतुक. सायरस म्हणतो, मीच आखलं, यातली कितीतरी झाडं माझ्या हातानं लावलेली आहेत. मूळ गोष्ट ग्रीक लेखक झेनोफोनची, आणि त्याच्याकडे सरळ ओळी, सारखी अंतरं आणि नेटके कोन एवढंच आहे. क्विन्कुन्क्स हा शब्द सिसरोनं आपल्या पदरचा घातला. बागायतदाराच्या नजरेनं पाहिलं तर या गोष्टीतली सगळ्यात खरी गोष्ट ही की सायरस आधी आखणीबद्दल बोलतो, मग झाडांबद्दल. कोकणातला बागायतदार पाहुण्याला बाग दाखवताना नेमकं हेच करतो.

सीझरनं तर हा शब्द खड्ड्यांना वापरलाय. इसवी सनापूर्वी 52 मधे गॉलमधल्या, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या, आलेसियाला वेढा घातला तेव्हा त्याच्या सैनिकांनी तीन फूट खोल खड्डे क्विन्कुन्क्समधे खणले, आठ ओळी, ओळींत तीन फूट अंतर. आत मांडीएवढे जाड, टोक काढलेले, विस्तवावर भाजून कडक केलेले सोट. वर काटक्या आणि पाला पसरून झाकलेलं. सैनिक त्यांना लिली म्हणायचे, फुलासारखे दिसतात म्हणून. तिरक्या ओळींमुळे एका खड्ड्यातून सुटलेला पाय पुढच्यात पडणार, ही त्यातली अक्कल. आम्ही कलमांसाठी तीन फुटांचेच खड्डे खणतो, पण आत शेणखत टाकतो.

आखणी मला फार आवडते. सगळी नोकरी कागदावर गेली, पण शेतावर गेले की दोरीचं एक टोक मी मागून घ्यायचे. आधी बांधाला समांतर मुख्य ओळ, मग काटकोन. काटकोनासाठी यंत्र लागत नाही. तीन, चार आणि पाच मीटरच्या बाजू होतील अशा गाठी मारलेली दोरी तीन माणसांनी ताणली की काटकोन उभा राहतो. दहा-दहा मीटरवर खुंट्या मारायच्या, खुंटीपाशी मूठभर फक्की. चार खुंट्यांचा एक चौकोन झाला की दोन माणसं समोरासमोरच्या कोपऱ्यांत दोऱ्या धरतात. दोऱ्या जिथे एकमेकींवरून जातात ती पाचव्या झाडाची जागा. कर्ण 14.14 मीटर, त्याचा निम्मा 7.07. दोऱ्या बरोबर असतील तर त्या बिंदूवर एकमेकींना टेकतात तेव्हा किंचित थरथरतात. गडी लगेच तिथे खुंटी ठोकतो.

हेक्टरात दहा बाय दहावर शंभर झाडं. पुस्तकं म्हणतात या पद्धतीत झाडं दुप्पट बसतात. मोजा: शंभर झाडांच्या दहा ओळींत मधल्या जागा नऊ नव्वे एक्याऐंशी. म्हणजे 181. दुप्पट नव्हे, पण जवळपास, आणि शेत मोठं होत गेलं की दुपटीच्या जवळ जातं. मधलं झाड पुस्तकाप्रमाणे तात्पुरतं. तिथे पपई लावा, पेरू लावा, लवकर फळ देणारं काहीही. मुख्य आंबा मोठा होऊन फांद्या भिडायला लागल्या की मधलं काढून टाका.

काढून टाका म्हणे. तिथेच सगळं अडतं.

माझ्या मोठ्या दिरांची राजापूरकडे बाग आहे. त्यांनी मधेही हापूसच लावला. पपई कसली लावायची, म्हणाले, लावायचं ते सोनं लावू. पहिली काही वर्षं सगळं छान होतं, हेक्टरी उत्पन्न बघून लोक विचारायला यायचे. मग फांद्या भिडल्या. आत ऊन शिरेना, मोहर फक्त शेंड्याला, ढगाळ हवा आली की तुडतुडा खाली सावलीत ठाण मांडून बसलेला, फवारणीचं पाणी आतपर्यंत पोचेना. मी सांगून दमले, भावोजी, मधली काढा. जाऊबाई म्हणतात, धरतं झाड कुणी तोडतं का? त्यांच्या बोलण्याला माझ्या पुस्तकात उत्तर नाही.

या पद्धतीत एक गंमत दडलेली आहे, ती तिथे उभं राहिल्यावर नीट समजते. कागदावर पाच ठिपके काढले की एक मधला आणि चार कडेचे. पण ती आकृती पसरत नेली की प्रत्येक मधला ठिपका शेजारच्या चार मधल्यांच्या हिशोबानं कोपरा होतो, आणि प्रत्येक कोपरा मधला. सगळी बाग म्हणजे 7.07 मीटरची साधी चौरस लागवड, फक्त बांधाशी तिरकी. पाच कुठे दिसतच नाहीत. रोमन वक्तृत्वगुरू क्विन्तिलियननं याच मांडणीबद्दल म्हटलंय की जिकडून पाहाल तिकडून ओळ सरळ दिसते, आणि शिवाय झाडांना जमिनीतला रस सारखा ओढता येतो. वक्तृत्वाच्या पुस्तकात इतकं अचूक शेतीशास्त्र मी अपेक्षिलं नव्हतं.

पुढे या शब्दानं बरेच उद्योग केले. 1658 साली इंग्लंडात नॉरिचचे डॉक्टर थॉमस ब्राउन यांनी सायरसच्या बागेवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि वनस्पती, प्राणी, माणसाची कलाकुसर, जिथेतिथे त्यांना क्विन्कन्क्स दिसायला लागला. फ्रान्सिस गॉल्टन या इंग्लिश शास्त्रज्ञानं 1870च्या दशकात खिळ्यांच्या अशाच तिरक्या ओळींचा एक फळा केला. वरून छर्रे सोडले की खिळ्यांना आपटत खाली येतात आणि मधे ढीग, कडेला विरळ असा घंटेसारखा आकार घेतात. त्याचंही नाव क्विन्कन्क्स.

पण हरवलेले बारा मला सापडले ते भलत्याच ठिकाणी. पाश्चात्य ज्योतिषात दोन ग्रहांमधे 150 अंशांचं अंतर असलं की त्या दृष्टीला क्विन्कन्क्स म्हणतात. का? राशी बारा, एक रास तीस अंशांची. 150 अंश म्हणजे पाच राशी. वर्तुळाचे पाच बारांश! झाडं नाहीत, ठिपके नाहीत, नुसता जुना अपूर्णांक. नाणेशास्त्रज्ञ सोडले तर शब्दाचा मूळ अर्थ जपला तो कुंडलीवाल्यांनी. आणि हे 150 अंश आपल्याला परके नाहीत. मेष ते कन्या मोजा, दोन्ही टोकं धरून सहावी रास. कन्येपासून पुढे मोजत मेषेपर्यंत या, आठवी. षडाष्टक! सासूसुनेचं, साहेब-कारकुनाचं, नगराध्यक्ष आणि मुख्याधिकाऱ्याचं जे असतं ते. माझा पत्रिकेवर काडीचा विश्वास नाही, पण हे भावोजींना सांगायचा मोह मला आवरला नाही. त्यांच्या बागेचं नाव आणि माझं-जाऊबाईंचं नातं एकाच शब्दात बसतं म्हटल्यावर ते बराच वेळ हसले.

हसण्याच्या भरात मग म्हणाले, ठीक आहे, काढू मधली. दुसऱ्या दिवशी रंगाचा डबा घेऊन खुणा करायला गेलो. कोणतं झाड मधलं ते ठरवायला बांधाच्या कोपऱ्यातून सुरुवात करायची, कोपऱ्यावरचं ते मुख्य. पण कोपऱ्यांवरची आणि कडेच्या दोन ओळींतली बरीचशी झाडं मे 2021च्या तौक्ते वादळात गेली. आखणीचा कागद वाळवीनं खाल्ला. सगळी कलमं एकाच वर्षाची, एकाच जाडीची. भावोजी दोन झाडांच्या मधे उभे राहिले आणि म्हणाले, यातलं मधलं कुठलं ते तू लॅटिनमधे सांग.

जाऊबाईंनी तोवर चहा ठेवला होता.